मूल पहिल्यांदा ॲडमिट होतंय? आधी त्याला विचारा, मग सांगा

गेली चौदा वर्षं मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काम करतेय. रोज निदान एक तरी आई नाहीतर बाबा मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "सिस्टर, ह्याला सांगायचं काय? सांगितलं तर घाबरेल ना?" डॉक्टर आजार समजावतात, बिलिंगवाले डिपॉझिट समजावतात, मेडिक्लेमवाले कागद समजावतात, पण मुलाला काय सांगायचं आणि कसं, हे कोणीच सांगत नाही, म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहून काढावं. ज्यांचं मूल पहिल्यांदाच ॲडमिट होतंय त्यांच्यासाठी हे आहे, मग डेंग्यू असो, न्यूमोनिया असो की टॉन्सिलचं ऑपरेशन.

सुरुवातीला एक किस्सा सांगते, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल.

पावसाळ्यात डेंग्यूचा सीझन होता, वॉर्ड फुल्ल. पाच वर्षांचा एक मुलगा, पहिले दोन दिवस अगदी शहाण्यासारखा हात पुढे करणारा. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्त घ्यायला गेले तर दोन्ही हात पोटाखाली घालून पालथा पडलेला, हलायलाच तयार नाही, आई ओरडतेय, मावशी पाय धरतायत. मी ट्रे बाजूला ठेवला, त्याच्या कॉटवर बसले आणि विचारलं, "काय झालं रे, सुई दुखते म्हणून?" मान हलवली, नाही. "मग?" बराच वेळ काही नाही, मग उशीत तोंड खुपसूनच म्हणाला, "माझं रक्त संपत आलंय, आणि तुम्ही अजून काढताय."

आता बघा, त्याचं काय चुकलं? रोज सकाळी कोणीतरी येऊन रक्त काढून नेतं, आणि रोज संध्याकाळी आजी, काका, शेजारचे सगळे कॉटभोवती उभं राहून म्हणतात, "पेशी कमी झाल्यात, ऐंशी हजार होत्या, पन्नास हजारांवर आल्या." त्याने दोन गोष्टी जोडल्या, कोणीही जोडल्या असत्या. मग मी सलाईनची ५०० एमएलची बाटली त्याला दाखवली आणि सांगितलं, तुझं वजन सतरा किलो, म्हणजे तुझ्या अंगात अशा अडीच बाटल्या भरतील एवढं रक्त आहे, आणि मी घेते ते हे बघ एवढं, दोन एमएल, चहाच्या चमच्यात अर्धासुद्धा भरत नाही, आणि तेवढं तुझं शरीर परत तयार करतं. पेशी कमी झाल्यात त्या डेंग्यूमुळे, माझ्या सुईमुळे नाही, मी फक्त मोजायला नेते. त्याने बाटलीकडे बघितलं, सिरिंजकडे बघितलं आणि हात बाहेर काढला. रडला थोडा, पण हात नाही ओढला.

त्या दिवसापासून माझं एकच म्हणणं आहे: मुलाला आपण सांगत नाही ती जागा रिकामी राहत नाही, तो स्वतः काहीतरी जोडून भरतो, आणि त्याने जोडलेलं बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

१. आधी त्याला काय वाटतंय ते विचारा

समजावायला लगेच सुरुवात करू नका. आधी साधे प्रश्न विचारा: "आपण इथे कशासाठी आलोय रे?" "ही बाटली कशाची असेल?" "डॉक्टर मघाशी काय म्हणाले, तुला काय कळलं?" आणि उत्तर आलं की लगेच "नाही रे वेड्या, असं नसतं" करू नका, पूर्ण ऐकून घ्या, कारण एकदा हसलात की ते पुन्हा सांगत नाही. बोलत नसेल तर कागद नि स्केचपेन द्या आणि म्हणा, तुझ्या पोटात काय झालंय ते काढून दाखव. मी एका मुलीने काढलेला न्यूमोनिया बघितलाय, छातीत काळं कोळ्याचं जाळं आणि मध्ये मोठा कोळी. तिच्यासमोर कोणीतरी एक्सरे बघून "छातीत जाळं झालंय" म्हटलं होतं. हे विचारल्याशिवाय कळलंच नसतं.

२. वय बघा, पण फक्त वयच नका बघू

१९८० साली बिबेस आणि वॉल्श नावाच्या दोन अमेरिकन संशोधकांनी मुलांना सर्दी म्हणजे काय, ती कशी होते असले साधे प्रश्न विचारून आजाराची समज वयाप्रमाणे कशी बदलते ते मांडलं होतं. त्यात अगदी लहान मुलं सर्दी उन्हामुळे होते असंही म्हणतात. वॉर्डात मला जे दिसतं ते त्याच्याशी बरंचसं जुळतं.

दोन-तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला आजार वगैरे काही कळत नाही, त्याला एवढंच कळतं की आई आहे का नाही. त्याच्याशी जास्त बोलू नका, जवळ राहा, घरची चादर, घरची वाटी, रोजचं झोपवायचं गाणं, एवढंच औषध.

चार ते सात हे वय सगळ्यात नाजूक, माझ्या मते तरी. ही मुलं खूप बोलतात म्हणून आपल्याला वाटतं ह्यांना सगळं कळतंय, पण त्यांच्या डोक्यात लागोपाठ झालेल्या दोन गोष्टी म्हणजे एकीमुळे दुसरी. ताईची बाहुली तोडली आणि रात्री ताप आला, म्हणजे बाहुलीमुळे. शिक्षा मिळाली, बस. शिवाय ह्या वयात सगळंच लागण होणारं वाटतं, शेजारच्या कॉटवरच्या दादाचा पाय मोडलाय तर माझाही मोडेल म्हणून तिकडे बघायचंच नाही असं करणारी मुलं मी बघितलीयत.

आठ ते अकरापर्यंत जंतू कळतात. कोविडनंतर तर सॅनिटायझर आणि व्हायरस हे शब्द बालवाडीतल्या पोरांनाही पाठ आहेत, पण शब्द पाठ असणं वेगळं. ह्या मुलांना आजार म्हणजे बाहेरून आत शिरलेलं काहीतरी असं वाटतं, त्यामुळे जे आजार बाहेरून येत नाहीत, फिट येणं, डायबेटिस, हृदयाला जन्मतः छिद्र असणं, ते समजायला त्यांना जड जातात. इथे चित्र काढून दाखवा, पुस्तकातलं हृदय-फुप्फुस दाखवा, त्यांना आवडतं आणि प्रश्नही चांगले विचारतात.

बारानंतर जवळजवळ मोठ्यांसारखं कळतं, पण त्यांची काळजी वेगळीच असते: शाळेत कळेल का, केस जातील का, गाऊन मागून उघडा राहतो. तेरा-चौदाच्या मुलाला कॉटवर पडदा न लावता तपासलं की तो दिवसभर कोणाशी बोलत नाही. पडदा मागा, हक्काने मागा. आणि डॉक्टरांशी पाच मिनिटं त्याला एकट्याला बोलू द्या.

आता वयावर सगळं का ठेवायचं नाही ते सांगते. जे मूल वारंवार ॲडमिट होतं ते वयाच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात अमेरिकेत ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) मुलांच्या वॉर्डात राहून बघितलं, तर लहान लहान मुलांनाही आपण बरे होणार नाही हे कळलेलं होतं, कोणीही न सांगता, आणि आईवडिलांना त्रास नको म्हणून ती माहीत नसल्यासारखं वागत होती. थॅलेसेमियाची, म्हणजे जिला पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं अशी, सहा वर्षांची मुलगी मला स्वतः सांगते की ह्या हाताची शीर चांगली आहे, इथे टोचा. तिच्याशी चार वर्षांच्या मुलासारखं बोललं तर तिला अपमान वाटतो.

३. "हे तुझ्यामुळे झालेलं नाही" हे तोंडाने म्हणा

वाटतं की हे काय सांगायचं, त्याला माहीतच असेल. नसतं माहीत. आपल्याकडे तर मूल आजारी पडलं की पहिलं वाक्यच असतं, "नको म्हटलं होतं ना पावसात भिजू?", "आणखी खा आईस्क्रीम!" आपण काळजीपोटी बोलतो, त्याच्यापर्यंत पोचतं ते असं की हे मी ओढवून घेतलं.

टाईप वन डायबेटिसची एक दहा वर्षांची मुलगी आमच्याकडे होती, नुकतंच निदान झालेलं, दिवसातून चार वेळा इन्सुलिन. आजी भेटायला आल्या की म्हणायच्या, "लहानपणापासून गोडाची फार हौस हो हिला, शेवटी बाधलंच." आजी वाईट नव्हत्या, रोज डबा घेऊन बसने यायच्या. पण मुलीने जेवणच सोडलं, पोळीसुद्धा नको. विचारलं तर म्हणे मी काही खाल्लंच नाही तर बरी होईन. मग डॉक्टरांनी मुलगी, आई आणि आजी तिघींना एकत्र बसवून सांगितलं की हा आजार गोड खाऊन होत नाही, शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच चुकून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करते, कोणाच्याही वागण्याने नाही. आजी रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला भरवलं.

दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, मीठ-मोहरीने कोणाचं काही बिघडत नाही आणि आजीच्या हाताने मुलालाही बरं वाटतं. फक्त मुलासमोर "अमकीची नजर लागली" असं नाव घेऊ नका, ते मूल मग त्या काकूंना कायमचं घाबरतं.

आणि हात जोडून सांगते, "जेवला नाहीस तर सिस्टर सुई टोचेल" हे वाक्य घरातून काढून टाका. पोरगं पहिल्यांदा वॉर्डात येतं तेव्हा आम्ही त्याच्यासाठी शिक्षा देणारी माणसं झालेलो असतो, आणि मग खरंच सुई द्यायची वेळ येते तेव्हा ते विचार करत बसतं की आज मी काय चुकलो.

४. शब्द सांभाळा

काही शब्द आपल्याला साधे वाटतात आणि मुलाच्या कानात भलतेच होतात. "भूल देणार" हा त्यातला सगळ्यात मोठा. सहा वर्षांच्या एका मुलाने ऑपरेशनच्या आदल्या रात्री आईला स्वतःचं नाव, बाबांचा मोबाईल नंबर, शाळेचं नाव सगळं म्हणून दाखवलं, पुन्हा पुन्हा. सकाळी कळलं, भूल म्हणजे सगळं भुलायला होणार, आईलाही विसरणार, असं त्याला वाटत होतं.

नुसतं "झोपवणार" म्हणणंही पुरत नाही, कारण रात्रीच्या झोपेत कोणी चिमटा काढला तर जाग येते हे त्याला माहीत असतं, मग कापताना जाग आली तर? त्यात घरी कोणी गेलं तेव्हा "आजोबा झोपलेत" असं सांगितलेलं असेल तर बघायलाच नको. असं सांगा: "एक डॉक्टर फक्त ह्याच कामासाठी असतात. ते एक खास औषध देतात, त्याने तू असा झोपशील की काहीच दुखणार नाही, आणि मध्येच जाग येणार नाही. काम झालं की ते औषध बंद करतात आणि तू उठतोस. उठलास की मी तिथे असेन." हे शेवटचं वाक्य मात्र आधी ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरना विचारून मगच बोला, मूल शुद्धीवर येतं त्या रिकव्हरी रूममध्ये सोडतात का नाही ते. नसतील सोडत तर "वॉर्डात आलास की मी असेन" म्हणा.

दुसरी गोष्ट देवाघरची. बऱ्याच मुलांना हॉस्पिटलबद्दल एकच गोष्ट माहीत असते, आजोबा हॉस्पिटलमध्ये गेले आणि तिथून देवाघरी गेले. ते मूल विचारणार नाही, पण मनात असतं. तुम्हीच काढा विषय: "आजोबा खूप म्हातारे होते, त्यांचा आजार वेगळा होता, तुझा वेगळा आहे, ह्यातून मुलं बरी होऊन घरी जातात." आणि आजार खरंच गंभीर असेल तर खोटं वचन देऊ नका, "डॉक्टर सगळे प्रयत्न करतायत आणि मी तुझ्याजवळच आहे" हे खरं आहे, तेवढंच बोला.

"कापणार" ऐवजी "छोटी जागा उघडून आतलं दुरुस्त करून परत शिवणार". एमआरआयला "आवाज खूप येतो, ठोकल्यासारखा, मशीन अंगाला लागत नाही" हे आधीच सांगा, आवाजानेच मुलं जास्त घाबरतात. सुईबद्दल "काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं" म्हणू नका. दुखतं, तर दुखतं म्हणायचं. "दुखेल, दहा आकडे मोजेपर्यंत, आपण मिळून मोजू."

५. कधी सांगायचं आणि बॅगेत काय

इमर्जन्सी असेल तर रिक्षात बसल्या बसल्या सांगा, तेवढंच हातात असतं. ठरवून ऑपरेशन असेल तर अडीच-तीन वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी, चार ते सातच्या मुलाला तीन-चार दिवस आधी, मोठ्यांना आठवडाभर आधी. फार लवकर सांगितलं की लहान मूल रोज तेच घोळवत बसतं. "फिरायला जातोय" असं सांगून आणू नका, मग पुढे खरोखर फिरायला निघालात तरी ते रिक्षात बसणार नाही.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी का ठेवलंय हेही सांगा, नाहीतर ती शिक्षाच वाटते. साधारण नियम असा की जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळच पाळायची. बाकी बॅगेत नेहमीचं पांघरूण, एखादं खेळणं (नवीन नको, जुनं आणा), पाण्याची स्वतःची बाटली.

६. सुईच्या वेळी तुम्ही काय करायचं

पाय धरायला चार माणसं लागतात हे आपण धरूनच चालतो, पण आडवं पाडून दाबलं की मूल दुखण्यापेक्षा त्या दाबण्याला जास्त घाबरतं. मांडीवर छातीशी घेऊन बसा, त्याचे पाय तुमच्या कमरेभोवती, एक हात तुमच्या काखेखाली, दुसरा हात आमच्याकडे. आमच्यासाठीही हे सोपं जातं. अंगावर पिणारं बाळ असेल तर लस देताना पाजत राहा, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ च्या शिफारशींत हेच सांगितलंय. मोठ्याला फुंकर मारायला सांगा, लांब, वाढदिवसाची मेणबत्ती विझवल्यासारखी. आणि त्वचा सुन्न करणारं लिग्नोकेन-प्रिलोकेनचं क्रीम मिळतं, ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, डॉक्टरांना विचारून ठेवा, न विचारता कोणी लावत नाही.

त्याला एक तरी निवड द्या, पण खरी. "सुई घ्यायची का?" ही निवड नाही. "उजवा हात की डावा? बघायचंय की तोंड फिरवायचंय?" ही निवड. इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी हातात ठेवतात ती नळी, शक्यतो ज्या हाताचा अंगठा चोखतो किंवा ज्या हाताने लिहितो तो सोडून लावायला सांगा, आम्ही ऐकतो, शीर मिळाली तर.

रडला तर "शूर मुलं रडत नाहीत" नको. रडू दे. हात हलवला नाही, त्याचं कौतुक करा. किती दुखतंय हे लहान मुलाला आकड्यात सांगता येत नाही, त्यासाठी हसऱ्यापासून रडणाऱ्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता असतो, त्यावर बोट ठेवायला सांगा.

७. जाताना सांगून जा

हे लिहिताना मला जरा राग येतो, कारण रोज बघते. मूल झोपलंय किंवा कार्टून बघतंय तेवढ्यात आई सटकते, कोणीतरी सांगितलेलं असतं की सांगून गेलीस तर रडेल. हो, रडेल. पण न सांगता गेलात तर ते पुढे झोपतच नाही, डोळा लागला की आई जाते हे त्याला कळलेलं असतं. घड्याळ कळत नसेल तर "चहा घेऊन मावशी येतील ना, त्याच्यानंतर मी येते" असं सांगा, आणि त्या वेळेला या. तुमची ओढणी किंवा रुमाल त्याच्याजवळ ठेवून जा.

पूर्वी इंग्लंडमध्ये आईवडिलांना वॉर्डात थांबूच देत नसत, भेटायलाही मोजक्या वेळा. जेम्स रॉबर्टसन ह्या तिथल्या संशोधकांनी १९५२ साली हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण करून दाखवलं की गप्प झालेलं मूल रुळलेलं नसतं, त्याने आशा सोडलेली असते. पुढे १९५९ च्या तिथल्या सरकारी समितीच्या प्लॅट अहवालात मुलांजवळ आईवडिलांना थांबू द्यावं अशी शिफारस आली. आपल्याकडे जनरल वॉर्डात आई थांबतेच, ही चांगली गोष्ट आहे, पण आयसीयूत बऱ्याच ठिकाणी नाही सोडत. मी आधी जिथे होते तिथे एका बाबांना काचेतूनसुद्धा बघू दिलं नव्हतं, दोन दिवस, आणि मी नवीन होते, बोलले नाही, ते अजून मनात आहे. तुम्ही मात्र विचारा, पाच मिनिटं तरी मागा, नाहीतर मोबाईलवर आईचा आवाज रेकॉर्ड करून सिस्टरकडे द्या, आम्ही कानाशी लावतो.

तुमच्या मुलाने तुम्हाला बघूनच रडायला सुरुवात केली तर "आई आली की बिघडतो, नका येऊ" असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. दिवसभर धरून ठेवलेलं ते तुमच्यापाशी सोडतं.

८. कॉटभोवती काय बोलायचं

रिपोर्ट, खर्च, शेजारच्या कॉटवरच्या बाळाचं काय झालं, हे सगळं बाहेर पॅसेजमध्ये. डोळे मिटलेलं मूल ऐकत असतं, विशेषतः तेव्हाच. राउंडच्या वेळी डॉक्टर इंग्लिशमध्ये बोलून गेले की त्याला मराठीत दोन वाक्यं सांगा, काहीही नवीन नसलं तरी: "डॉक्टर म्हणाले ताप उतरतोय, आज सलाईन एकच."

घरी राहिलेल्या भावंडाला विसरू नका. "दादा मरू दे" असं भांडणात म्हटलेलं असतं आणि आठवड्याने दादा ॲडमिट होतो. त्यालाही तेच सांगा, तुझ्यामुळे नाही, आणि व्हिडिओ कॉल करून द्या, न बघितलेला दादा त्याच्या डोक्यात फार वाईट दिसत असतो.

९. घरी गेल्यावर

डिस्चार्ज मिळाला म्हणजे मूल लगेच पहिल्यासारखं होत नाही. अंथरूण ओलं करणं, आईला चिकटून राहणं, रात्री दचकणं, बोबडं बोलणं, हे पहिले दोन-तीन आठवडे होतं, त्यावर ओरडू नका. त्याला सुई नसलेली सिरिंज, जुनी पट्टी, टेप द्या आणि बाहुलीला तपासू दे. बाहुलीला दहा वेळा टोचेल, टोचू दे, मध्ये शिकवायला जाऊ नका, फक्त ऐका, कारण बाहुलीला ते जे सांगतं त्यात तुम्हाला कळेल की वॉर्डात त्याला नक्की काय समजलं होतं आणि कुठे चुकीचं जोडलं गेलंय. तिथेच दुरुस्त करा, खेळाखेळात.

महिना झाला तरी झोप लागत नसेल, शाळेत जायलाच तयार नसेल, खाणं तुटलं असेल, तर फॉलोअपची तारीख येईपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना फोन करा आणि हे ऐकवा की ताप नाही पण मूल घाबरलेलं आहे. तेही दाखवण्यासारखंच दुखणं आहे.